सुईचा शनिवार

खांद्याच्या दुखण्यातलं आपल्याला जेवढं कळतं तेवढं सिडनीतल्या मोठमोठ्या सर्जनांनाही कळत नाही, असं डॉक्टर नेव्हिल कॅथकार्ट यांचं प्रामाणिक मत होतं. मुलाबूरसारख्या मेंढ्या कातरणाऱ्यांच्या गावात सव्वीस वर्षं एकट्यानं दवाखाना चालवल्यावर असं मत व्हायला हरकतही नाही. माणूस आत येताना दार कुठल्या हातानं उघडतो, टोपी काढताना कोपर कुठवर नेतो, एवढं पाहून ते सांगत, ''उजवा खांदा, तीन आठवडे झाले, आणि त्या कुशीवर झोपता येत नाही.'' माणूस थक्क व्हायचा. दहांतल्या नऊ जणांच्या बाबतीत हे बरोबर यायचं. दहाव्याचं काय झालं, याची चौकशी करायची डॉक्टरांना कधी गरज वाटली नव्हती.

गावाचा मोठा हंगाम ऑगस्टात सुरू होई. त्याआधीच्या शनिवारी कंत्राटदार मर्व्ह स्टब्ज स्वतःसकट चौदा माणसांची टोळी घेऊन दवाखान्यात येई. सगळे बोळात रांगेनं उभे राहत, बनियनचा पट्टा खांद्यावरून खाली ओढून. डॉक्टर हातात ट्रे घेऊन एका टोकाकडून निघत. खांद्यावर बोट दाबायचं, ''इथं?'' म्हणायचं, दुखणं दाबणारी सुई टोचायची, ''पुढचा!'' अर्ध्या तासात चौदा खांदे. मर्व्ह याला मेंढ्यांना जंतांचं औषध पाजायचा दिवस म्हणायचा आणि त्याच विनोदावर दरवर्षी तेवढंच हसू व्हायचं. नोंद एकच, सगळ्यांची मिळून: ''स्टब्जची टोळी. खांदे. सुई.'' चौदा वेगवेगळी कार्डं काढून लिहीत बसायला डॉक्टरांना वेळ नव्हता. शनिवारी दुपारी त्यांचं गोल्फ असे.

रांगेचा एक नियम होता. कुणी लिहिलेला नव्हता, पण चर्चमधल्या दहा आज्ञांपेक्षा कसोशीनं पाळला जाई. रांगेत कोण कण्हलं, कुणी काय तक्रार केली, ते दवाखान्याच्या पायऱ्या उतरल्यावर कुणी बोलायचं नाही. कातरणीच्या शेडमध्ये कुरकुऱ्या माणसाला जागा नसते आणि एकदा कुरकुऱ्या असं नाव पडलं की ते मरेपर्यंत चिकटतं. म्हणून प्रत्येक जण दुसऱ्याची अब्रू सांभाळायचा. एके वर्षी खुद्द मर्व्ह सुई बघून भुईवर आडवा झाला होता. तेरा जणांनी ते डोळ्यांनी पाहिलं. त्यांतल्या कुणालाही विचारलं असतं तर त्यानं शपथेवर सांगितलं असतं की मर्व्ह त्या दिवशी उभाच होता.

त्या वर्षी रांगेत तिसरा होता क्लेम हॅरिगन. वय एकावन्न. तीस वर्षं मेंढ्या कातरत होता आणि अजूनही दिवसाला दीडशेच्या खाली येत नव्हता. बोलायला कंजूष माणूस. आदल्या हंगामात बरगडी मोडलेली असताना तीन आठवडे यानं काम केलं आणि बायकोला, नोएलीनला, थाप मारली की डॉक्टरांना दाखवलंय, नुसता मुका मार आहे. खरं कळलं तेव्हा नोएलीननं पंधरा दिवस त्याच्याशी अबोला धरला होता. या खेपेला तिनं त्याच्याकडून वचन घेतलं होतं, सगळं सांगायचं, काही गिळायचं नाही.

म्हणून डॉक्टरांनी ''इथं?'' विचारल्यावर क्लेम जन्मात बोलला नव्हता एवढं बोलला.

''इथं आहेच डॉक, पण ते खाली उतरतं. दंडाच्या आतल्या अंगानं पार करंगळीपर्यंत. करंगळी बधिर असते. आणि काम थांबवलं तरी थांबत नाही. निजल्यावर जास्तच.''

सगळ्यांनी भिंतीकडे, छताकडे, बुटांकडे बघायला सुरुवात केली. डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं.

''करंगळी?'' ते म्हणाले. ''करंगळी कशाला हवी रे तुला? शेडमध्ये कपबशी धरून चहा पितोस की काय, राणीसारखा?''

त्यांनी करंगळी वर करून चहा पिऊन दाखवला. बोळात हशा पिकला. मर्व्ह तर भिंतीला टेकून हसला. सगळ्यांना सुटल्यासारखं झालं होतं. क्लेमही हसला, कान लाल करून. सुई टोचली गेली. ''पुढचा!''

घरी नोएलीननं विचारलं, ''सांगितलंस? करंगळीचं?''

''सांगितलं.''

''काय म्हणाले?''

''काही नाही म्हणाले,'' क्लेम म्हणाला. एका अर्थी ते खरंच होतं.

ऑक्टोबरात तो एकटाच आला. पुन्हा तेच सांगितलं, खांदा, दंड, करंगळी, शिवाय मूठ वळताना हातात जोर राहत नाही हेही. डॉक्टर त्या दिवशी पाऊण तास मागे पडले होते, बाहेर गोवराची तीन मुलं रडत होती. त्यांनी सुई दिली, रबराची पट्टी ओढायच्या व्यायामाचा कागद दिला आणि कार्डावर लिहिलं: ''खांदा. सुई. व्यायाम.'' तीन शब्द. आपल्या नोंदी आटोपशीर असतात याचाही त्यांना अभिमान होता. मार्चमध्ये क्लेम परत आला तेव्हा त्यांनी ''तोच खांदा'' असं लिहिलं.

दरम्यान शेडमध्ये क्लेमची वेगळीच गंमत सुरू झाली होती. भर उन्हाळ्यात, पत्र्याच्या छपराखाली, जिथं चौदा माणसं घामानं निथळत असत, तिथं क्लेमचा अर्धाच चेहरा घामेजायचा. डावीकडून धारा, उजवीकडे कोरडा ठणठणीत, जणू कुणी मधोमध पट्टी ठेवून आखला होता. आणि उजवी पापणी अर्धवट मिटलेली. पोरांना काय, आयतंच सापडलं. ''क्लेमची उजवी बाजू संपावर गेलीय रे!'' ''स्वयंपाकिणीला डोळा मारतोय म्हातारा!'' गावच्या पबमध्ये मर्व्हनं ही गोष्ट डॉक्टरांना सांगितली, तेव्हा क्लेम शेजारीच बसला होता. डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिलं. पापणी पाहिली.

''बिजागरी ढिली झालीय,'' ते म्हणाले. ''तेल घाल.'' आणि एक फेरी आपल्याकडून मागवली.

ती पापणी, तो अर्धा घाम, ती करंगळी. ही तीन एकत्र आली की काय समजायचं, हे वैद्यकीच्या चौथ्या वर्षाला शिकवतात. डॉक्टर कॅथकार्टांनीही ते एके काळी पाठ केलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं, गुण मिळवले होते.

मे महिन्यात दवाखान्यात इमोजेन लॉ नावाची शिकाऊ डॉक्टर आली. सहा महिने डॉक्टरांच्या हाताखाली काढायचे, मग त्यांनी अहवाल लिहायचा, मग तिला पुढची परीक्षा. वयानं सत्तावीस, चष्मा, आणि प्रत्येक रोग्याला अर्धा तास घ्यायची खोड. डॉक्टर तिला 'आमची इतिहासकार' म्हणत. तिच्या दुसऱ्याच आठवड्यात क्लेम आला आणि डॉक्टर बाळंतपणाला गेले असल्यामुळे तिच्यापुढे बसला. तिनं त्याला सदरा काढायला सांगितला. सव्वीस वर्षांत दवाखान्यात त्याला कुणी हे सांगितलं नव्हतं.

डॉक्टर परतले तेव्हा ती दारातच उभी होती.

''सर, मिस्टर हॅरिगनच्या डोळ्यांच्या बाहुल्या पाहिल्यात कधी? उजवी टाचणीच्या डोक्याएवढी आहे. हाताचा तळवा खंगलाय. गळ्याच्या हाडावर गाठ लागते बोटाला. मी लगेच छातीचा फोटो काढायला पाठवलंय.''

डॉक्टरांना फोटोची गरजच नव्हती. ती बोलत असतानाच त्यांनी सगळं ओळखलं. फुप्फुसाच्या शेंड्यावरची गाठ. ती वर वाढते, खांद्यातून हाताकडे जाणाऱ्या नसा खाते, आणि दुखतो तो खांदा. त्या गाठीवर त्यांनी वर्षभर खांद्याच्या सुया दिल्या होत्या.

''बरं केलंस,'' ते म्हणाले. मग तिनं टेबलावर ठेवलेलं क्लेमचं कार्ड त्यांनी उचललं, नीट वाचलं. खांदा. सुई. व्यायाम. तोच खांदा. करंगळी हा शब्द त्यात कुठंच नव्हता. जुलैच्या रांगेचं तर कार्डच नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा आपण कमी लिहितो याचे त्यांनी स्वतःचे आभार मानले. त्यांची त्यांनाच थोडी लाज वाटली, पण ती फार वेळ टिकली नाही.

सिडनीच्या हॉस्पिटलमधून पत्र आलं. वर्षापूर्वी आला असता तर किरणं देऊन गाठ आक्रसवता आली असती, मग कापून पाहता आलं असतं. खात्री कुणीच दिली नसती, पण संधी होती. आता मणक्यात शिरली आहे. आता फक्त वेदना कमी करायच्या.

हे सांगायला डॉक्टरांनी नवरा-बायकोला बोलावलं. इमोजेन कोपऱ्यात बसली होती. सांगून झालं. क्लेम खिडकीबाहेर बघत राहिला. नोएलीन रडली नाही. ती शाळेच्या ऑफिसात कारकून होती, गोष्टी क्रमानं लावायची तिला सवय होती.

''वर्षापूर्वी म्हणजे जुलै,'' ती म्हणाली. ''पण जुलैतच त्यानं तुम्हाला सांगितलं होतं ना? करंगळीचं?''

तो एवढासा क्षण होता आणि डॉक्टरांना त्यात खरं बोलता आलं असतं. माझी चूक झाली, नोएलीन. चार शब्द. त्यांच्या डोळ्यांपुढे सव्वीस वर्षं आली, गोल्फ क्लबातली आपल्या नावाची पाटी आली, निवृत्तीला उरलेली दोन वर्षं आली. त्यांनी कार्ड उचललं आणि चष्मा लावून वाचल्यासारखं केलं.

''इथं तसं काही नाही. खांदा म्हणाला होता. करंगळी म्हणाला असता तर त्याच दिवशी फोटोला पाठवला असता मी. हे तर शिकाऊ पोरीलाही कळतं.''

क्लेमनं मान वळवली. ''डॉक, मी सांगितलं होतं की. रांगेत. तुम्ही कपबशीचं म्हणालात. ऑक्टोबरातही सांगितलं.''

डॉक्टर पुढे वाकले आणि त्यांनी क्लेमच्या गुडघ्यावर हात ठेवला. आवाज असा मऊ की कुणालाही वाटावं, देवमाणूस आहे.

''क्लेम, मनात सांगायचं घोकलेलं असलं ना, की माणसाला ते सांगितल्यासारखंच वाटतं. मी खूप जणांचं पाहिलंय. तू स्वतःला दोष देऊ नकोस, मर्दा.''

''मी नाही दोष देत,'' क्लेम म्हणाला. ''मी म्हणतोय, मी सांगितलं.''

नोएलीन नवऱ्याकडे बघत होती. तिला मोडलेली बरगडी आठवत होती, हे डॉक्टरांना तिच्या तोंडावर दिसलं, कारण ती भानगड सगळ्या गावाला माहीत होती. डॉक्टरांना आणखी काही म्हणायची गरज नव्हती.

''मी तुला तीनदा विचारलं,'' ती हळू आवाजात म्हणाली. ''तिन्ही वेळा तू हो म्हणालास. माझ्या डोळ्यांत बघून.''

''अगं, खरंच...''

''पुरे झालं.''

ते गेल्यावर इमोजेन उठली. ''सर, कपबशी असलं कुणी मनानं रचून सांगत नाही.''

''डॉक्टर लॉ,'' ते म्हणाले, ''तुमचा अहवाल मी याच आठवड्यात लिहायला घेतोय. निदान उत्तम करता, असं लिहिणार आहे. पण रोग्यांच्या बोलण्यावर सहज विश्वास ठेवता, हेही लिहू का?''

दुसऱ्या दिवसापासून तिनं क्लेमचं नावही काढलं नाही. तिचा अहवाल फार चांगला लिहिला गेला.

मग चार महिने डॉक्टर हॅरिगनांच्या घरी जात राहिले. आधी आठवड्यातून एकदा, मग रोज. गावात त्यांचं नाव आणखी झालं. बघा, स्वतः जातात, नर्सला पाठवत नाहीत. क्लेमचा उजवा हात काठीसारखा झाला होता, उशीवर ठेवलेला. डॉक्टर आले की नोएलीन चहा करायची, ताज्या स्कोनवर जर्दाळूचा मुरंबा घालून द्यायची, हवापाण्याचं बोलायची. क्लेमचं सगळं ती करायची. पुसायची, कूस बदलायची, भरवायची. पण त्याच्याशी बोलायची ते शाळेत आलेल्या पालकाशी बोलावं तसं. ''हात वर. गिळ. झालं.'' तेहतीस वर्षांचा संसार, आणि आता खोलीत फक्त हे तीन-चार शब्द उरले होते.

एकदा ती आत गेल्यावर क्लेम म्हणाला, ''डॉक, औषध कमी दिलंत तरी चालेल मला. दुखू दे. फक्त तिला सांगा.''

''काय सांगू?''

क्लेमनं त्यांच्याकडे पाहिलं, एका उघड्या आणि एका अर्ध्या डोळ्यानं. मग त्यानं तोंड भिंतीकडे केलं. डॉक्टरांनी औषध कमी केलं नाही, उलट थोडं वाढवलं. त्यानं माणूस शांत राहतो, आणि बोलतही कमी.

शेवटच्या आठवड्यात, रविवारी दुपारी, मर्व्ह भेटायला आला. डॉक्टर पलंगाशी, वेदनाशामक थेंबथेंब सोडणाऱ्या पंपात औषध भरत होते. मर्व्ह टोपी हातात घेऊन दाराशी अवघडून उभा राहिला. असला आडदांड माणूस, पण आजाऱ्याच्या खोलीत पाऊल टाकायला घाबरत होता.

''ये की आत,'' क्लेम म्हणाला. आवाज कागद फाटल्यासारखा झाला होता. ''नोएलीन, तूही ये. इकडं ये.''

ती हातपुसणं हातात घेऊनच आली आणि पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिली.

''मर्व्ह रांगेत माझ्या मागंच होता,'' क्लेम म्हणाला. एका वाक्याला त्याला तीनदा दम घ्यावा लागत होता. ''त्याला विचार. त्याचं तरी ऐकशील.''

डॉक्टरांचा हात पंपावर थांबला. मर्व्ह रांगेत चौथा होता. सगळ्यात मोठ्यानं हसला होता.

नोएलीन वळली. चार महिन्यांत पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर काही हललं. तिला ते ऐकायचं होतं. जीव एकवटून ऐकायचं होतं, हे अगदी डॉक्टरांनाही दिसलं.

''मर्व्ह,'' ती म्हणाली, ''खरं सांग हं. गेल्या वर्षी, सुईच्या शनिवारी. क्लेमनं डॉक्टरांना सांगितलं होतं? खांदा सोडून आणखी कुठं दुखतं, बधिर होतं, असलं काही? काहीतरी म्हणाला होता तो?''

मर्व्हनं एकवार तिच्याकडे पाहिलं, एकवार क्लेमकडे. पलंगावरचा तो हाडांचा सापळा, तीस वर्षांचा जोडीदार, गावातला सगळ्यात चिवट कातरणारा. मर्व्हच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं छाती भरून श्वास घेतला आणि जे सांगायला तो मनापासून आला होता तेच सांगितलं.

''क्लेम? कण्हणार? काय बोलता वहिनी! अहो, एक चकार शब्द नाही. माझ्यासमोर उभा होता, सुई घेतली आणि चालता झाला. कधी हूं की चूं केलं नाही या पठ्ठ्यानं. मी सगळ्या पोरांना सांगतो, गडी असावा तर असा.''

''मर्व्ह,'' क्लेम म्हणाला. ''अरे, करंगळी. आठव ना. तू हसला होतास.''

मर्व्हनं चादरीवरून त्याचा पाय घट्ट दाबला, आपल्याला सगळं समजलं अशा अर्थानं. ''काळजी करू नकोस, लेका,'' तो म्हणाला. ''रांगेतलं काही माझ्या तोंडून कधी बाहेर जायचं नाही.''

पण हे तो अगदी हळू, फक्त क्लेमला ऐकू जाईल असं म्हणाला. नोएलीन तोवर वळून स्वयंपाकघरात गेली होती. तिथून नळाचा आवाज येऊ लागला.

क्लेमनं हाक मारली. मग आणखी एकदा मारली. नळ चालूच होता.

डॉक्टरांनी पंपाचं झाकण लावलं, आकडा तपासला आणि हात पुसले. मग मर्व्हच्या खांद्यावर थोपटून ते त्याला म्हणाले, ''चल, त्याला पडू दे आता. दमलाय तो.''